फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

चिंचेची गल्ली, जुना जालना
ता. १२ फेब्रुवारी १९५९

द्वारकाबाई यांस गिरिधर मुन्शीचा नमस्कार, आणि हे पत्र मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या चि. नंदास आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझे गुडघे आणि तुमच्या दुर्गावहिनींचा स्वभाव, दोन्ही होते तिथेच आहेत.

तुमचं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्याचं खापर मी डोळ्यांवर फोडतो, ते बिचारे काही बोलत नाहीत. नंदाचं लग्न आष्टीला ठरलं हे वाचून बरं वाटलं. तुमच्या कुंभार पिंपळगावहून फार लांबही नाही. पोरगी आमच्या ओट्यावर रांगत होती, ती आता सासरी जाणार. वय झालं म्हणायचं ते हेच. पत्रिका इथल्या छापखान्यातून छापून घेण्याचं काम माझ्याकडे दिलंत, ते मी करीन. छापखानेवाला म्हणतो, पाडव्यापर्यंत मजकूर द्या.

गल्लीची खबर अशी की विजेचा खांब आलाय. आलाय म्हणजे पंधरा दिवस गल्लीच्या तोंडाशी आडवा पडलाय. उजेड सगळ्यांना पाहिजे आणि खांब कुणालाच दारात नको. शेवटी पुष्पाबाईंनी निकाल दिला, "मुन्शीजीच्या दारात रवा. त्यांच्या घरी कुठं पोरंबाळं हाईत धडकायला!" पुष्पाबाई बोलल्या म्हणजे गल्ली बोलली, हे तुम्हाला सांगायला नको. दहा वर्षांत इथलं राज्य दोनदा बदललं. निजामाचं गेलं, हैदराबादचं गेलं, आता मुंबईचं आहे. पुष्पाबाईंचं मात्र कायम आहे. तेव्हा खांब माझ्या दारात येणार, आणि मी काही बोलणार नाही. मला आता भांडायचा कंटाळा येतो.

मोंढ्याच्या बाजारात शेर जाऊन किलो येतोय. म्हाताऱ्या मापाऱ्यांची फार धांदल उडते. माझ्याकडून पत्र वाचून घ्यायला आता फारसं कुणी येत नाही. घराघरात एखादं पोर शिकलंय, आणि उर्दू कागद येतच नाहीत. तरी सकाळी मी ओट्यावर चष्मा लावून बसतो. सवय.

तुमच्या खोलीला अजून कुलूप आहे. वहिनी भाडेकरू ठेवू देत नाहीत. गल्ली म्हणते, मुन्शीला पेन्शनीची मस्ती आलीय. यंदाच्या संक्रांतीलाही वहिनी कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या नाहीत आणि आपल्याकडेही केलं नाही. आता बायका बोलवायलासुद्धा येत नाहीत. शिष्ट म्हणतात.

आता तुम्ही विचारलंत त्याबद्दल.

मोंढ्यातला बद्रीनाथ कापसाच्या गाडीबरोबर खामगावला गेला होता, तिथे त्याने नंदाच्या बापासारखा, रामरावांसारखा एक लंगडा माणूस पाहिला, असं तो आष्टीत सांगत फिरतोय. ते तुमच्या कानावर आलं आणि तुम्ही मला विचारता की संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आलेल्या त्या कार्डात नेमकं काय लिहिलं होतं, शब्दन् शब्द सांगा. पत्रिकेवर नंदाच्या बापाच्या नावाआधी काय घालायचं, ते त्यावर ठरणार.

नंदा तेव्हा चार-पाच वर्षांची होती, तिला ठाऊक नसेल म्हणून लिहितो. मौतीच्या खबरेच्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं आणि वाचून झालं की फाडून टाकायचं. तुझे वडील रझाकारांच्या धामधुमीत, अठ्ठेचाळीसच्या श्रावणात, 'वऱ्हाडात कुठं जागा मिळते का बघून येतो' म्हणून गेले. पाच महिने पत्ता नव्हता. मग ते कार्ड आलं. कोपरा नव्हता. उर्दूत होतं म्हणून पोस्टमनने माझ्या हातात दिलं. मी ओट्याखाली उभं राहून वाचलं आणि रिवाजाप्रमाणे फाडलं.

द्वारकाबाई, दहा वर्षं झाली. शब्दन् शब्द कुठून आठवणार? उर्दूत लिहिणारे वाईट खबरसुद्धा अत्तर लावून देतात. अफसोसाची मामुली भाषा होती. बद्रीनाथ बोलका माणूस आहे, त्याला रस्त्यात सगळेच ओळखीचे भेटतात. तुम्ही पोरीच्या लग्नाकडे बघा.

नंदाने शेवटी कोपऱ्यात बारीक अक्षरात विचारलंय की मुन्शीकाका आईच्या नावाआधी 'गं. भा.' का लिहीत नाहीत, कचरूमामा म्हणतो विधवेला तसं लिहायची रीत आहे. बाळ, मी जुना कारकून. दप्तरात 'गं. भा.' लिहायची पाळी आली नाही, म्हणून हाताला सवय नाही. दुसरं काही कारण नाही.

कचरूला रामराम.

गिरिधर


चिंचेची गल्ली, जुना जालना
ता. ५ मार्च १९५९

द्वारकाबाई यांस नमस्कार.

तुमचं दुसरं पत्र पोचलं. त्यात एकच ओळ होती, 'काय लिहिलं होतं ते सांगा.' नंदाने लेखणी फार दाबून धरलेली दिसते.

परवा बद्रीनाथ स्वतः गल्लीत आल्ता. बघा, मीही आता गल्लीसारखं लिहायला लागलो. माझ्या ओट्यावर बसला, चहा प्याला. दहा मिनिटांत दारादारातून माणसं बाहेर आली. मी त्याला सरळ म्हटलं, "कशाला लोकांच्या संसारात काडी घालतोस? दाढीवाला लंगडा दिसला आणि तुला रामराव आठवला?"

तो चिडला नाही. म्हणाला, "म्या तोंडावरून न्हाई वळखलं, मुन्शीजी. म्या कानानं वळखलं. समदे मापारी पहिल्या मापाला 'लाभ' म्हणतेत. एक कुणी म्हणत न्हाई. आन ह्यो माणूस सरकी मोजताना 'रेणुकाई' म्हणून राह्यला. रेणुकाई, दोन, तीन, चार. आपल्या मोंढ्यात असं मोजणारा एकच व्हता. तुम्ही सांगा, व्हता का न्हाई?"

होता. रामराव पिंपळगाव रेणुकाईचा, त्या देवीच्या गावचा माणूस दुसरं काय म्हणणार! आडते त्याची थट्टा करायचे आणि तो हसून पुन्हा तेच म्हणायचा. मोंढ्यात येता-जाता मी ते कितीतरी वर्षं ऐकलेलं आहे.

गल्लीत लगेच दोन तट पडले. काही म्हणाले, माणूस पाठवून बघायला काय हरकत आहे. पुष्पाबाई म्हणाल्या, "धा साल श्राद्ध घातलं त्या माणसाचं. आता कोन्या लंगड्याला उठवून आनता? बाप जित्ता आन माय बिनकुकवाची, असं आष्टीवाल्यांच्या कानी गेलं तं पोरीचं लगीन राहील का?" तुम्हाला राग येईल, पण त्यांचं म्हणणं मलाही पटावंसं वाटत होतं. फार वाटत होतं.

तेवढ्यात आमच्या दुर्गाबाई दारात आल्या. त्या गल्लीसमोर माझ्याशी बोलत नाहीत, तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी बोलल्या. म्हणाल्या, "द्वारकेला तुम्ही लिहिता, की मी जाऊन सांगू?" आणि आत गेल्या. कुणाला काही कळलं नाही.

तर लिहितो. मागच्या पत्रात मी आठवत नाही म्हटलं, ते खरं नाही. पहिली ओळ मला पाठ आहे. 'निहायत अफसोस के साथ लिखा जाता है कि आप के शौहर रामराव'. एवढं मी मोठ्याने वाचलं. तुम्ही उंबऱ्यात उभ्या होता, तुमच्या हातात तिळगुळाची वाटी होती. आमच्या घरी त्या दिवशी हळदीकुंकू होतं, म्हणून सगळ्या गल्लीच्या बायका जमल्या होत्या. 'अफसोस' हा शब्द मराठीतही कळतो. आणि कोपरा तर सगळ्यांनी आधीच पाहिला होता.

पुढचं लिहायला आज हात चालत नाही.

छापखान्यात मजकूर दिलेला नाही. कचरूला खामगावला पाठवू नका. होळी झाली की मीच जातो. हे काम दुसऱ्याचं नाही.

गिरिधर


मुक्काम खामगाव
ता. २७ मार्च १९५९

सौ. द्वारकाबाई यांस गिरिधर मुन्शीचा साष्टांग नमस्कार.

नंदा, वर मी 'सौ.' लिहिलंय ते चुकून नाही. आईला तसंच वाच. आणि बाळ, एक सांगतो ते ऐक. हे पत्र हातात घेतलंस की शेवटच्या शब्दापर्यंत वाच. मध्ये आई रडेल, मामा ओरडेल, शेजारच्या बायका धावत येतील. येऊ देत. तू थांबायचं नाहीस. मी थांबलो होतो.

द्वारकाबाई, रामराव जिवंत आहेत. मी त्यांना भेटलो. हे पत्र त्यांच्या खोलीत बसून लिहितोय.

आता सगळं क्रमाने सांगतो.

त्या दिवशी मी पहिली ओळ वाचली आणि बायकांनी हंबरडा फोडला. तुम्ही खाली बसलात. वाटी पडली. पुष्पाबाई ओरडल्या, "फाडा ते कार्ड मुन्शीजी, सणाचं दारात धरून काय उभे राह्यले!" मी फाडलं. दोन तुकडे करून गटारीकडे टाकले. पुढे सहा-सात ओळी होत्या, त्या मी वाचल्या नाहीत. वाचून काय करायचं होतं? खबर तर कळली होती. मौतीच्या कार्डात मेला यापलीकडे काही असतं का? कोपरा बघितला आणि मी कार्ड वाचलंच नाही, मी कोपरा वाचला. तीस वर्षं सरकारी कागद वाचून पोट भरलेला माणूस मी.

तिसऱ्या प्रहरी तुमच्या बांगड्या फुटल्या. पुष्पाबाईंनी फोडल्या. तुमचा हात धरला होता दुर्गाबाईंनी आणि कपाळ पुसलं तेही त्यांच्याच पदराने, कारण गल्लीत थोरली सवाष्ण म्हणून आणि तुमच्या आईच्या जागी म्हणून त्याच जवळ होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घालताना दुर्गाबाईंना एक तुकडा जाईच्या वेलात अडकलेला सापडला. खालचा अर्धा. त्यांनी मला आणून दिला, 'हे नीट गटारीत टाका' म्हणाल्या. मी टाकण्याआधी वाचला. त्यात काय होतं ते आता शब्दन् शब्द मराठीत लिहितो. मला ते रोजच्या स्तोत्रासारखं पाठ आहे.

'...त्यांचा उजवा पाय गुडघ्यावर कापावा लागला. जीव वाचला. रामराव लिहवतात की मी आता कामाचा राहिलो नाही, बायकोवर ओझं होण्याची शरम वाटते. तिला मी हवा असलो तर महिन्याभरात कुणीतरी येऊन मला घेऊन जावं. काही जवाब आला नाही तर मी समजून घेईन, माझी काही तक्रार नाही. लिहिणार, कंपाउंडर, सरकारी दवाखाना, खामगाव.'

पाय गेल्याचा अफसोस होता, द्वारकाबाई. त्या भल्या माणसाने पाय गेल्याचा अफसोस कळवला होता.

मी तो तुकडा घेऊन पाटावर बसून राहिलो. दुर्गाबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "उठा. आत्ता उठा. शेजारी जा आणि सांगा." मी उठलो. उंबऱ्यापर्यंत गेलो. तुमच्या दारात बायका बसलेल्या होत्या आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून. मी तिथूनच मागे फिरलो. म्हटलं, दहावा होऊ दे. मग म्हटलं, तेरावा होऊ दे, गर्दी पांगू दे. मग म्हटलं, आधी गुपचूप खामगावला एक पत्र टाकून खात्री करू. ते पत्र मी तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. फाडायला हात सरावला होता.

का, ते सांगतो. सबब म्हणून नाही, तुम्हाला कारण कळायला पाहिजे म्हणून. त्याच आठवड्यात कचेरीत फर्मान आलं होतं की उर्दूचं काम बंद होणार, मराठी टाकोटाक लिहिणारे कारकून येणार. तिथे मी एकाएकी निकामी झालो होतो. मला माणूस म्हणून कुठे मान उरला असेल तर तो ओट्यावर. कुणाचंही पत्र आलं की 'मुन्शीजीकडे न्या, ते बराबर वाचतात.' मी जर म्हटलं असतं की मी एक वीतभर कार्ड पुरतं वाचलं नाही आणि त्यापायी एका सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या, तर उद्यापासून माझ्याकडे कागद कोण घेऊन आला असता? एवढ्यासाठी. तुमच्या दहा वर्षांच्या बदल्यात मी एवढंच राखलं. आता तर उर्दू कागदही येत नाहीत.

महिना गेला. मग कचरू गाडी घेऊन आला आणि तुम्हाला न् नंदाला घेऊन गेला. गाडी गल्लीबाहेर पडेपर्यंत दुर्गाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी कुणाचं कुंकू लावून घेतलं नाही आणि कुणाला लावलं नाही. गल्ली शिष्ट म्हणाली, त्यांनी म्हणू दिलं. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही ते माझ्यासाठी. मला मात्र त्यांनी त्यातून सोडलं नाही. तो तुकडा पंचांगात होता, दर पाडव्याला नव्या पंचांगात हलवत आलो. सोबत पाठवतोय. तो तुमचा आहे.

तुम्हाला 'गं. भा.' मी कधी लिहिलं नाही, त्याचं कारण आता नंदाला कळलं असेल. तेवढं खोटं हाताने होईना.

परवा चिखलीमार्गे मोटारीने इथे उतरलो. विचारत विचारत कापसाच्या जिनिंगवर गेलो. फाटकाच्या आत सरकीचा ढीग होता आणि पोत्यावर बसून एक माणूस माप भरून टाकत होता. शेजारी कुबडी. मी लांबूनच ऐकलं, "रेणुकाई, दोन, तीन." माझे पाय तिथेच थांबले.

त्यांनीच बघितलं. म्हणाले, "मुन्शीजी? लई दिसानं आले. कुणाचं पत्र वाचाया आले?"

चेष्टेनेच म्हणाले, त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी मला सरकीच्या पोत्यावर बसवलं, पाणी दिलं, आधी नंदाचं विचारलं. तुमचं नाव घेतलं नाही. मी तिथेच सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा सांगता आलं नसतं.

ऐकून ते पुन्हा माप भरायला लागले. चार-पाच मापं टाकली. मग म्हणाले, "म्या महिनाभर दवाखान्याच्या फाटकाकडं तोंड करून पडलो व्हतो. मंग म्हणलं, बराबर हाये तिचं. लंगड्याला घेऊन ती काय करंल. म्या कधी तिच्यावर राग धरला न्हाई, मुन्शीजी. धा साल मी म्हणून राह्यलो, तिनं बराबर केलं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "कार्ड केवढं असतंय? वीतभर. तेवढं वाचाया टाईम न्हवता तुम्हाला?"

कोपऱ्याचं मी विचारलं. म्हणाले, तो कंपाउंडर बुऱ्हाणपूरकडचा म्हातारा मुसलमान होता, फार चांगला माणूस. लिहिताना कोपऱ्यावर शाई सांडली. बाईमाणसाला घाण कागद कसा पाठवायचा, म्हणून त्याने कात्रीने तेवढा कोपरा कापून टाकला. कार्ड साफ दिसावं म्हणून. त्याला आपला रिवाज काय ठाऊक!

तुमच्या बांगड्यांचं कळलं तेव्हा मात्र त्यांनी माप खाली ठेवलं. "मंग ती धा साल पांढऱ्या कपाळानं हिंडून राह्यली? म्या जित्ता असून?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. ते उठले, कुबडी घेतली आणि ढिगामागे गेले. मुकादम ओरडायला आला, त्याला मी सांगितलं की त्यांच्या घरची खबर आलीय. पहिल्यांदा मी पुरती खबर दिली होती.

खोली जिनिंगच्या मागे आहे. एकटेच राहतात. दुसरा संसार केला नाही. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं, आणि हे तुम्हाला कळवा असंही म्हणाले. रात्री भाकरी मात्र दोघांची थापली.

आज सकाळी म्हणाले, "लिहा." मी पोस्टातून जवाबी कार्ड आणलं. त्याला जोडूनच उत्तराचं कोरं कार्ड असतं. त्यांनी सांगितलं तसं लिहिलं, माझा एक शब्द घातला नाही. दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घेतलं. मला वाईट वाटलं नाही. तेच बरोबर होतं.

पत्रिकेचा मजकूर अजून दिलेला नाही. बापाच्या नावाआधीची जागा कोरी आहे, ती तुम्ही भरायची. आष्टीच्या लोकांकडे मी स्वतः जाईन आणि ओट्यावर बसून सांगीन की चूक पोरीच्या आईबापाची नाही, गिरिधर मुन्शीची आहे. जालन्यात परतलो की आधी गल्लीला सांगणार आहे. पुष्पाबाई काय निकाल देतील तो देतील. खांब तर दारात आहेच.

निघताना दुर्गाबाईंनी एक डझन हिरव्या बांगड्या घेऊन ठेवल्या. कासाराने हाताचं माप विचारलं. द्वारकाबाई, दहा वर्षांत त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही, तरी त्यांनी झटकन सांगितलं. मी बघत राहिलो तर म्हणाल्या, "तो हात मी धरला होता. माप कशी विसरेन?" बांगड्या पाठवल्या नाहीत. तुम्ही मागाल तरच पाठवू, नाहीतर फडताळात राहतील.

मला माफ करा असं मी लिहिणार नाही. तेही तुमच्यावर एक काम टाकल्यासारखं होईल. तुम्ही फक्त त्यांना जवाब द्या.

नंदा, आता सोबतचं कार्ड हातात घे आणि आईला वाचून दाखव.

'द्वारकी, म्या जित्ता हाये. पाय एक हाये. तू ये म्हणत न्हाई, मी येऊ का म्हणून इचारतो. पोरीच्या लग्नात मांडवाच्या बाहेर बसाया लागलं तरी चालंल. मागच्या टायमाला जवाब आला न्हाई आन म्या आपल्या मनानं समजलो. आता आपल्या मनानं काही समजणार न्हाई. हो का न्हाई, लिहून पाठव. रामराव.'

उत्तराच्या कार्डावर पत्ता मी घालून ठेवलाय. दोन्ही कार्डांचे चारही कोपरे मी तपासले आहेत. तरी माझ्या शब्दावर जाऊ नका, एकदा तुमच्या हाताने बघून घ्या.

तुमचं कार्ड न वाचता फाडणारा,
गिरिधर